थांबायला न सांगितलेली फाइल

खरं सांगायचं तर असे अनुभव मी आजवर टिंगल करायलाच वाचत आलो. कुणाच्या पंख्यामागे सावली, कुणाच्या विहिरीत बांगड्या… वाचायचं, हसायचं, पुढे जायचं. माझा धंदाच असा आहे. जबलपूरला अधारतालच्या मेन रोडवर कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवून वीस वर्षं होत आली. ‘भैया, मशीन में कुछ है, अपने आप चलता है’ म्हणत लोक येतात. मी झाकण उघडतो. कधी पाल निघते, कधी झुरळ, एकदा तर उंदराचं अख्खं बिऱ्हाड निघालं होतं. भूत अजून निघालेलं नाही.

म्हणून हे लिहायला इतकी वर्षं लागली. शुद्धलेखनाच्या चुका असतील तर सांभाळून घ्या. आमचं मराठी घरातलं, बाहेर सगळी हिंदी. तपासून द्यायला घरात पुण्याचं माणूस आहे – माझी बायको – पण तिला हे दाखवायचं नाही. का, ते पुढे कळेल.

आम्ही मूळचे वर्ध्याकडचे. आजोबा नोकरीसाठी इकडे आले आणि इथलेच झाले. माझी थोरली बहीण मंदाताई आणि सुधाकर भाऊजी आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहायचे. मूलबाळ नव्हतं. दोघांचं भांडण मात्र रोज व्हायचं, तेही भाजीत मीठ किती यावर. भाऊजी शेतीचे पंप बसवायचे आणि दुरुस्त करायचे. आज सिहोरा, उद्या पाटण, अशी आसपासची गावं; बाइकवर अवजारांची पिशवी बांधली की निघाले. माणूस गोड. मला ‘विनू’ म्हणायचे, आणि माझ्याकडूनच घेतलेल्या जुन्या कॉम्प्युटरबद्दल मलाच रोज टोमणे मारायचे. त्या कॉम्प्युटरवर मी विंडोजऐवजी लिनक्स टाकून दिलं होतं. रोज संध्याकाळी आले की हातपाय धुऊन ते दहा-बारा ओळी लिहायचे – कुठे गेलो, काय पाहिलं, कुणी चहा दिला. मराठी टायपिंग यायचं नाही, म्हणून इंग्रजी अक्षरांत मराठी. एकच फाइल, नाव ‘रोज’.

माझ्या लग्नाला चार महिने झाले असतानाची गोष्ट. नोव्हेंबर होता. भाऊजी सकाळी पाटणला गेले. संध्याकाळी त्यांनी ताईला फोन लावला, तर तिचा मोबाइल डिस्चार्ज. मग माझ्या मोबाइलवर लावला. मी दुकानात होतो आणि फोन घरी विसरलेला. अनघाने – माझ्या बायकोने – उचलला. आवाज तुटक येत होता. तिला ‘पाटण’ ऐकू आलं, ‘मंदाला सांगा’ ऐकू आलं, आणि ‘येऊन राहिलो’ ऐकू आलं. मग फोन कटला.

नागपूरकडच्या वाचकांना सांगायला नको. आमच्याकडे ‘येऊन राहिलो’ म्हणजे ‘येतोय’. निघालो आहे, वाटेत आहे. पण पुण्याच्या मुलीला त्याचा अर्थ काय लागणार? आला आणि राहिला. ती वर गेली आणि ताईला म्हणाली, ‘भाऊजी आज पाटणलाच राहिलेत हं. उद्या येतील.’

ताई ‘अच्छा’ म्हणाली आणि एकटीपुरता भात टाकला. जेवण झाल्यावर तिने एकदा फोन लावून पाहिला, वाजला, उचलला नाही. थकून झोपले असतील, असं तिला वाटलं. दुसऱ्या दिवशी दुपार टळली तरी पत्ता नाही, तेव्हा कुठे धावपळ सुरू झाली.

आता जे सांगतो ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही. थान्यात रिपोर्ट लिहून घेणारा हवालदार अनघाला म्हणाला, ‘मैडम, एकदम ठीक-ठीक बताइए, क्या बोले थे वो?’ अनघा म्हणाली, ‘येऊन राहिलो, असं म्हणाले.’ हे शब्द मी तिच्या तोंडून तेव्हा पहिल्यांदाच ऐकले. घरी तिने फक्त तिला लागलेला अर्थ सांगितला होता. हवालदाराने विचारलं, ‘इसका मतलब?’ अनघाने माझ्याकडे पाहिलं. चार महिन्यांची नवरी, परक्या गावात, डोळे रडून सुजलेले. हिने निरोप उलटा दिला हे आत्ता उघड झालं तर ताई, शेजारीपाजारी, सगळे हिला जन्मभर काय म्हणतील, एवढंच माझ्या डोक्यात आलं. मी म्हणालो, ‘मतलब… आके रुक गए, साहब. पाटन में.’

त्याने तसंच लिहून घेतलं. पोलिसांनी त्याच संध्याकाळी पाटण गावात चौकशी केली, लॉज पाहिले, ज्याच्याकडे पंप बसवला त्याला दोनदा बोलावलं. रस्त्याकडे कुणी पाहिलंच नाही. चौथ्या दिवशी नहरीच्या, म्हणजे कालव्याच्या, काठाने जाणाऱ्या एका शेतकऱ्याला झुडपात बाइक दिसली. नहर तेव्हा काठोकाठ वाहत होती. पाणबुडे उतरले, खाली कितीतरी लांबवर शोधलं. काही मिळालं नाही.

मग लोकांची तोंडं सुटली. कुणी म्हणे कर्ज होतं, कुणी म्हणे दुसरं घर होतं, बाइक टाकून निघून गेले. थान्यातही शेवटी तेच ऐकायला मिळालं – ‘कहीं चले गए होंगे, आ जाएँगे.’ ताई या सगळ्याला उत्तर देत नव्हती. तिला एकच गोष्ट कुरतडत होती, आणि ती एकदा मला म्हणाली, ‘विनू, मले सोडून गेले असतील तं तसं कळू दे. पण कळू दे.’

मी छातीठोकपणे सांगायचो की भाऊजी जिवंत आहेत, येतील. दुसरं काही म्हणायची माझी हिंमत नव्हती.

मे महिन्यात तिने तो कॉम्प्युटर काढला. सहा महिने त्यावर चादर घातलेली होती. ‘त्यात रोज लिहायचे न ते. पाहून दे बरं. काही मनात असेल तं लिहिलं असेल.’ मी विचार केला, पाहू. रविवार होता, भर दुपार, कूलर घरघरत होता. बटण दाबलं तर लिनक्स उठेचना. काळा पडदा आणि वर कोपऱ्यात grub> एवढंच.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मशीन सुरू झालं की विंडोजला किंवा लिनक्सला हाताला धरून उठवणारा एक छोटा प्रोग्राम असतो, त्याला बूट लोडर म्हणतात. ग्रब हा त्यातलाच. उठवायला कुणी सापडलं नाही की तो असा काळ्या पडद्यावर थांबतो आणि तुमच्या आज्ञांची वाट पाहतो. डिस्कवरच्या फायली तो दाखवू शकतो, पण त्यांत लिहू शकत नाही. हे लक्षात ठेवा… तिथून एक अक्षरही फाइलमध्ये भर घालता येत नाही.

त्याची आणखी एक खोड आहे. मजकूर लांब असला तर तो थांबत नाही. पडदा भरला की वरच्या ओळी वर निघून जातात, आणि गेल्या म्हणजे गेल्या. मागे सरकून पाहायची सोयच नाही. त्यासाठी आधी एक ओळ टाइप करायची असते – set pager=1. मग पडदा भरला की तो थांबतो आणि कळ दाबली की पुढचं पान दाखवतो. एंटर दाबलं तर एकेक ओळ. हार्डवेअरच्या क्लासमध्ये मी पोरांना पहिल्या दिवशी हे घोकून घेतो. विसरला तो दाराबाहेर.

त्या दिवशी मी विसरलो.

फाइल सापडली. आकार पाहिला, लहानशी होती, दहा-वीस सेकंदांत संपेल अशी. म्हटलं आधी उघडतेय का तेवढं पाहू. आज्ञा दिली आणि ओळी धावायला लागल्या. ताई शेजारी वेताच्या मोढ्यावर बसली होती, चष्मा लावून. पहिल्यांदा ती खुश झाली. ‘हे पाय, बरेलाच्या पेढ्याचं लिहिलं! अरे, थांबव न.’

‘थांबून नाही राहिलं ताई. संपलं की पुन्हा लावतो, हळूहळू.’

दहा सेकंद झाले, वीस झाले, एक मिनिट झालं. ओळी वर जातच होत्या. दोन मिनिटं. मी म्हटलं डिस्क खराब झाली असेल, तेच तेच पुन्हा वाचत असेल. पण तेच तेच नव्हतं. अधूनमधून एखादा शब्द डोळ्यांत अडकायचा – ‘थंडी’… ‘आवाज दिला’… ‘ट्रक’… आणि दर काही ओळींनंतर ‘मंदे’. रोजच्या लिखाणात ते ताईचं नाव असं कधी लिहीत नसत. मधेच बंद करायची कळ आहे, एस्केप. ती दाबायला माझं बोट गेलं, पण दाबलं गेलं नाही.

‘किती लिहून ठेवलं रे यांनी,’ ताई म्हणाली. तेवढ्यात स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. ती उठली. ‘थांबलं की आवाज दे मले.’

ती गेली आणि अर्ध्या मिनिटात ते थांबलं. शेवटचा पडदाभर मजकूर तेवढा राहिला. मी तो किती वेळा वाचला असेल, दोन किंवा तीन वेळा. पण शब्दन् शब्द पाठ आहे. मूळ इंग्रजी अक्षरांत होतं, इथे देवनागरीत लिहितो. सुरुवातीच्या काही ओळी मोडलेल्या पायाबद्दल होत्या, त्या सोडतो. पुढचं असं –

‘मोबाइल वर गाडीजवळ पडला. मघा वाजून राहिला होता. तूच असशील. मंदे, हात पुरत नाही. दोन ट्रक गेले. आवाज दिला. भिंत सिमेंटची आहे, पाय धरत नाही. पण नहर कोरडी आहे, ते बरं. मी विनूच्या फोनवर सांगितलं होतं येऊन राहिलो म्हणून. म्हणजे पोचलो नाही तं कोणी पाहायला निघेलच. विनू निघेल. त्याला रस्ता माहीत आहे. आता उजाडून राहिलं. खालून वारा येऊन राहिला. कसला तरी आवाज आहे, लांबून. कोणी येऊन राहिलं वाटते. मंदे, येऊन राहिले न लोक. मोठा आवाज आहे. गाडी नाही ही. पाणी येऊन राहिलं’

पुढे पूर्णविराम नव्हता. खाली grub> आणि लुकलुकणारी रेघ.

आतून ताईच्या बांगड्यांचा आवाज आला, ती हात पुसत येत होती. मी काय केलं असेल? पडदा पुसायची आज्ञा दिली. विचार न करता, चोरी पकडली जाण्याआधी माणूस हात मागे घेतो तसं.

‘थांबलं?’

‘हो. आता नीट लावतो.’

या वेळी set pager=1 लिहिलं. पान आलं, थांबलं. ताईने स्वतः एंटर दाबत एकेक ओळ वाचली. इंग्रजी अक्षरं लावून वाचायला तिला वेळ लागायचा, ओठ हलायचे. पेढे, पंप, कुणाच्या म्हशीचं आजारपण, तिच्या भाजीतलं मीठ. तिथे ती हसली. आणि मग त्या दिवशी सकाळी लिहिलेली शेवटची नोंद – ‘आज पाटण. दोन पंप. संध्याकाळी परत.’ एंटर. grub>. संपलं.

‘एवढंच?’ ताई म्हणाली. ‘मघा तं किती वेळ चालून राहिलं होतं.’

‘डिस्क खराब आहे. अटकून अटकून वाचत होती.’

तिने चष्मा काढून पदराला पुसला. मग म्हणाली, ‘जेवून जा.’ सोडून जाण्याबद्दल फाइलमध्ये काही नव्हतं, याचं तरी तिला समाधान वाटावं, अशी माझी आशा. वाटलं की नाही, ठाऊक नाही.

ती डिस्क मी काढून दुकानात नेली. दुसऱ्या मशीनला लावली, खराब झालेल्या डिस्कमधून डेटा काढायचे जितके प्रकार मला येतात तितके केले, रिकाम्या जागेतली पुसलेली अक्षरंही चाळली. फाइल सकाळच्या नोंदीवर संपते. शेवटची दुरुस्ती त्याच सकाळची. तसल्याच मदरबोर्डावर, तशाच ग्रबमध्ये पन्नासदा तरी पुन्हा चालवून पाहिली. पेजर लावून आणि न लावता. दहा-बारा सेकंद, आणि संपली.

मग मी स्वतःची समजूत घातली. माझं मन मला खात होतं, उन्हाची वेळ होती, धावत्या अक्षरांत मीच माझा गुन्हा वाचला. डॉक्टर मित्राला नाव न घेता विचारलं, तोही तेच म्हणाला. पटलंही असतं. पण ताईनेही ती फाइल मिनिटंच्या मिनिटं वाहताना पाहिली होती.

आणि दुसरं… जूनच्या आधी मी एकदा पाटणच्या रस्त्याने त्या नहरीवर गेलो. बाइक जिथे सापडली तिथे भिंत उतरती, सिमेंटची, गुळगुळीत. शेजारच्या शेतातल्या एका म्हाताऱ्याला विचारलं, ‘दादा, वो गाड़ी मिली थी, तब नहर में पानी कब से था?’ त्याने हिशोब करायलाही वेळ घेतला नाही. सगळे गव्हाच्या पहिल्या पाण्याची वाट पाहत होते म्हणे, नहरीची मरम्मत चालू होती, दोन महिने कोरडी ठाक. ‘जिस दिन शाम को पुलिस पहली बार पाटन में पूछने आई न, उसी दिन भोर में पानी छोड़ा था.’ म्हणजे भाऊजी निघाले त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे. नहर आधी कोरडी होती हे मला माहीत नव्हतं. आम्ही पोचलो तेव्हा ती भरलेलीच होती. हे मी कुठून वाचणार होतो?

अनघा आता आमची बोली समजते. इतक्या वर्षांत न समजायला काय झालं? तिसऱ्या की चौथ्या वर्षी शेजारची पोरगी दारातून ओरडली, ‘काकू, मी येऊन राहिली!’ आणि अनघाने तव्यावर टाकलेली पोळी तशीच जळाली. तिला कळलं आहे हे मला कळलं आहे, एवढ्यावर आमचा संसार चालू आहे. थान्यात मी काय भाषांतर केलं, तेही तिला त्या दिवशी उमगलंच असणार. आम्ही दोघं त्यावर बोलायला बसलो तर उठणार कसे, म्हणून बसत नाही.

मजकूर कुठून आला, कुणी लिहिला, आणि थांबायला सांगितल्यावर नाहीसा का झाला, याचं उत्तर माझ्याकडे नाही. जे वर निघून गेलं त्या मिनिटांत काय होतं, हेही कधी कळणार नाही. थांबायला मीच सांगितलं नव्हतं.

एकच सांगायचं राहिलं. हरवलेल्या माणसाचे दिवस करायचे तर आमचे गुरुजी बारा वर्षं थांबा म्हणतात, मग दर्भाचा पुतळा करून विधी. भाऊजींचे भाऊ लवकर उरकायला पाहत होते, तेव्हा त्यांच्याशी सगळ्यात जास्त भांडलो तो मी. जिवंत माणसाचे दिवस घालता का म्हणून. नहरीवरून परत आल्यानंतर आठवड्याने मी वर गेलो. ताई मेथी निवडत होती. मी म्हणालो, ‘ताई, बारा वर्षं वगैरे काही नको. विधी करून घेऊ.’

तिचे हात थांबले.

‘तू म्हणून राहिला हे?’

मी मान खाली घातली.

‘म्हणजे त्या दिवशी तू वाचलं,’ ती म्हणाली. रडली नाही, आवाजही चढवला नाही. काय लिहिलं होतं हेही तिने विचारलं नाही. मेथीची एक काडी हातात धरून बसून राहिली, आणि मग विचारलं, ‘एकच सांग. लवकर झालं का रे?’

‘हो ताई. लगेच.’

‘बरं झालं,’ ताई म्हणाली आणि पुन्हा पानं खुडायला लागली. ‘थंडीचे दिवस होते न. मले तेच वाटत राहायचं. रात्रभर कुठं पडून तं नसतील, कोणी येईल म्हणून.’